कामास आले, त्यांच्या मागें

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या बाजूला चौक गांवाजवळ धारावीच्या जुन्या किल्ल्याचें स्थळ आहे; खाडीपलीकडे वसई. मार्च १७३९ मध्यें मराठ्यांनीं धारावी घेतली आणि मे महिन्यांत वसई चिमाजी आप्पांच्या हातीं आली. या मोहिमेचा जयघोष आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु तींत जे पडले त्यांच्या घरीं पुढें काय झालें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आपल्या बखरकारांनीं रणांत पडलेल्यास ‘कामास आला’ असें म्हटलें आहे. काम जर राज्याचें, तर त्याची मजुरी कोणीं द्यावी?

शिवकालानें या प्रश्नाचें उत्तर स्वच्छ दिलें होतें. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफजलखानाच्या फौजेचा मोड झाल्यावर महाराजांनीं केलेली व्यवस्था सभासदानें नोंदली आहे. मृतांच्या मुलांस चाकरींत चालविलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस अर्धें वेतन बांधून दिलें. जखमींस जखम पाहून होन दिले. पुढें पेशवाईंत मृत शिपायाच्या मुलांच्या तरतुदीस ‘बालपरवेशी’ हें नांवच पडलें. हें दान नव्हे. हें देणें होय. आणि तें देतां आलें, कारण शिपायाचें नांव सरकारी हजिरींत होतें. त्याच्या आईस मुलगा लढला हें सिद्ध करावें लागत नव्हतें.

परंतु जेथें राज्यच अजून व्हावयाचें असतें, तेथें हजिरी कोण ठेवणार? आयर्लंडांत हेंच झालें. १९१६ च्या ईस्टरच्या उठावापासून पुढें जे तरुण लढले, त्यांचें बळ गुप्ततेंत होतें. नांवांची यादी शत्रूच्या हातीं पडणें म्हणजे फांशी किंवा तुरुंग. स्वतंत्र सरकारनें १९२३ सालीं पेन्शनचा कायदा केला, तेव्हां तीच गुप्तता आईबापांस आडवी आली. मुलगा कोणत्या तुकडींत होता, तो कामगिरीवर असतांना मेला काय, त्याच्या कमाईवर घर चालत होतें काय, हें सारें त्यांनीं दाखवावयाचें. यादवी युद्धांत तहाच्या विरुद्ध पक्षाकडून पडलेल्यांच्या घरच्यांस तर १९३२ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें. आमच्या भूमीशीं निगडित असाही एक प्रसंग आहे. १९२० सालीं जालंदर व सोलन येथील कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनीं बंड केलें; जेम्स डेली यास २ नोव्हेंबर रोजीं डगशाई येथें गोळ्या घालण्यांत आल्या. या बंडवाल्यांसाठीं आयर्लंडांत पेन्शनचा कायदा झाला तो १९३६ सालीं.

आपल्याकडेही याहून निराळें घडलें नाहीं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, १९७२ सालीं, केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन योजना काढली आणि १९८० पासून ती सन्मान योजना झाली. हुतात्म्याची विधवा, अविवाहित मुली व आईबाप यांस तींत स्थान मिळालें. परंतु १९४२ सालीं भूमिगत झालेल्याचा कागद कोठून आणावा? ज्यानें पुरावा मागें राहूं नये म्हणून जन्मभर काळजी घेतली, त्याच्याच घरच्यांकडे पुरावा मागणें यांत क्रूर विनोद आहे. खोटे दावेही आले, हें खरें. म्हणून चौकशी नको असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशा दाव्यांस फौजदारी खटल्याचा कडक पुरावा लावूं नये. संभाव्यतेच्या कसोटीवर ते पाहावे. मिळण्यासारखें जें नाहीं, तें मागूं नये, हाच याचा अर्थ.

पुत्राच्या प्राणाचें मोल रुपयांत होत नाहीं, हें प्रत्येक आईस ठाऊक असतें. ती अर्ज करते तेव्हां मोल मागत नाहीं. चूल पेटती राहावी आणि आपला मुलगा राष्ट्राच्या हजिरींत लिहिला जावा, एवढेंच ती मागते. यांतील दुसरी मागणी पहिलीहून मोठी आहे. ‘कामास आला’ हे शब्द लिहिणाऱ्या राज्यानें त्याखालीं आपली सहीही केली पाहिजे.