ताडपत्रापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत : षट्खंडागमाचा प्रवास

आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने आपल्या धर्मात श्रावकांना सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे षट्खंडागम व त्यावरील धवला टीका. एके काळी ज्याचे केवळ दूरून दर्शन घडत असे, तो हा ग्रंथराज आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. या स्थित्यंतरामागे आचार्यांच्या तपस्येइतकाच सामान्य श्रावकांचा, व्यापाऱ्यांचा आणि लेखनिकांचा वाटा आहे.

परंपरेनुसार, श्रुतज्ञान लोप पावू लागले तेव्हा गिरनारच्या चंद्रगुंफेत वास करणाऱ्या आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना पाचारण करून आपल्याजवळचे ज्ञान दिले. पुष्पदंतांनी आरंभीची १७७ सूत्रे रचली. उर्वरित रचना भूतबलींनी पूर्ण केली. ज्येष्ठ शुक्ल पंचमीस त्या ग्रंथाची पूजा झाली. तीच आपली श्रुतपंचमी होय. पुढे राष्ट्रकूटांच्या काळात आचार्य वीरसेनांनी त्यावर प्राकृत-संस्कृतमिश्रित अशी ७२,००० श्लोकप्रमाण धवला टीका लिहिली. डॉ. हिरालाल जैन यांच्या मते ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली.

कालौघात या टीकेच्या इतरत्र असलेल्या प्रती नाहीशा झाल्या. दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत मात्र जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे शतकानुशतके सुरक्षित राहिली. तेथील भट्टारकांनी व पंचांनी ती प्राणापलीकडे जपली, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु जपणुकीचे रूपांतर हळूहळू बंदिवासात झाले. यात्रेकरू येत, रत्नप्रतिमांबरोबर ताडपत्रांचेही दर्शन घेत आणि परत जात. ग्रंथ पूज्य राहिला, वाचनीय राहिला नाही.

इ. स. १८८३ मध्ये मुंबईचे दानशूर श्रेष्ठी माणिकचंद पानाचंद संघासह मूडबिद्रीस गेले. ताडपत्रांची जीर्ण अवस्था पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. परत आल्यावर त्यांनी सोलापूरचे श्रेष्ठी हिराचंद नेमचंद दोशी यांच्याशी विचारविनिमय केला. हे दोघेही व्यापारी, पेशाने पंडित नव्हेत. तथापि ग्रंथ वाचला गेला नाही तर तो नष्ट होईल, हे त्यांनी अचूक ओळखले. हिराचंद स्वतः मूडबिद्रीस गेले. जुनी लिपी जाणणारे श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांचे साहाय्य त्यांनी मिळविले. समाजातून निधी उभा राहिला आणि १८९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी प्रतिलेखनास आरंभ केला. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या निधनानंतर गजपतींनी काम पुढे नेले. हे लेखनकार्य १९२२ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक चालले.

नव्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, अशी व्यवस्था होती. अशा स्थितीत गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. ती त्यांनी प्रथम सोलापूर व मुंबईच्या श्रेष्ठींपुढे ठेवली. ज्यांनी या कार्यासाठी आयुष्य वेचले, त्यांनीच ती नीतीला धरून नाही म्हणून स्वीकारली नाही. अखेर सहारनपूरचे लाला जंबुप्रसाद यांनी ती घेतली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी आपल्याजवळ एक प्रत ठेवली आणि तिच्यावरून कारंजा, आरा आदी ठिकाणी प्रती पोहोचल्या.

या घटनेचा न्याय करणे सोपे नाही. दिलेल्या शब्दाचे मोल श्रेष्ठींनी जाणले आणि ग्रंथाचे मोल त्या दांपत्याने. परंतु ती गुप्त प्रत बाहेर आली नसती, तर पुढील मुद्रण त्या काळी झाले नसते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

मुद्रणाचा मान आपल्या विदर्भाला लाभला. भेलसा, म्हणजे आजचे विदिशा, येथील श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून जैन साहित्योद्धारक फंड स्थापन झाला. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी पं. फूलचंद्र शास्त्री आदी विद्वानांच्या सहकार्याने हिंदी अनुवादासह संपादन हाती घेतले. पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. पवित्र आगम छापावा काय, गृहस्थाने तो वाचावा काय, असे आक्षेप त्या काळी समाजात होते. पण मुद्रित ग्रंथ पाहिल्यावर मूडबिद्रीकरांनीच मोठ्या मनाने मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य दिले. जेथे कुलूप होते तेथूनच किल्ली मिळाली! पुढील सुमारे दोन दशकांत सर्व १६ भाग पूर्ण झाले. दरम्यान चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवरही कोरण्यात आले. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने धवलेच्या पुनर्मुद्रणाचे कार्य केले.

आज या प्रवासाचा पुढचा टप्पा आपल्यासमोर आहे. उत्तर अमेरिकेतील जैन बांधवांच्या ‘जैना’ या महासंघाने चालविलेल्या जैन ई-लायब्ररीत, तसेच इंटरनेट आर्काइव्हवर धवलेचे मुद्रित भाग पानापानाच्या छायाप्रतींच्या रूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यासाठी ना प्रवास, ना परवानगी, ना मूल्य. साधन नवे असले तरी हे शास्त्रदानच आहे.

मात्र यातून एक प्रश्न उभा राहतो. पूर्वी ग्रंथ पेटीत होता म्हणून वाचला जात नव्हता; आज तो खिशातील मोबाईलमध्ये असूनही वाचला जात नसेल, तर दोन्हींत फरक काय? उलट पूर्वजांना निदान वाचण्याची ओढ होती. श्रुतपंचमीस आपण जिनवाणीची पालखी काढतो, नवी वेष्टने चढवितो. त्याच दिवशी मंदिरात धवलेचे एखादे पान पडद्यावर उघडून, जाणकाराकडून मराठीत समजून घेण्याची प्रथा सुरू करता येईल. हिंदी अनुवाद सोबत असल्याने प्राकृत न जाणणाऱ्यांनाही वाट मोकळी आहे.

ज्यांनी लिहिले, ज्यांनी जपले आणि ज्यांनी सर्वांसाठी खुले केले, त्या तिघांचेही ऋण एकाच मार्गाने फिटते, आणि तो मार्ग म्हणजे स्वाध्याय.

॥ जयतु श्रुतदेवता ॥