स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याचा इतिहास

माझ्या एका स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं जुनी मोटारसायकल विकत घेतली. रस्त्यावर ती बरी धांवे. पण चौकांत थांबली कीं बंद पडे. स्नेह्यांनीं सारा रविवार कार्ब्युरेटरचा छोटा पितळी स्क्रू आंत-बाहेर फिरविण्यांत घालविला आणि संध्याकाळीं हताश होऊन मला बोलावणें धाडलें. त्या स्क्रूची कुळकथा आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

एंजिनाला नुसतें पेट्रोल चालत नाहीं. वजनानें एका भागास सुमारें १५ भाग हवा, या प्रमाणांत त्याची वाफ हवेंत मिसळावी लागते. हवा वाढली तर एंजिन तापतें व खोकतें. पेट्रोल वाढलें तर प्लगवर काजळी धरते.

१८८५ सालीं डाइमलर व मायबाख यांनीं जर्मनींत कानस्टाट येथें लांकडी सांगाड्याची दुचाकी बनविली, तेव्हां हें मिश्रण हवेला पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून नेऊन करीत. खोट अशी कीं, पेट्रोलांतील हलका अंश आधीं उडून जाई व जड तेवढा मागें राही. त्यांत थंडी-ऊन आणि रस्त्याचे हिसके! मिश्रण क्षणोक्षणीं बदले. १८९३ मध्यें मायबाखानें बारीक तोटींतून पेट्रोलाचा फवारा हवेच्या झोतांत सोडण्याची युक्ति काढली. बुडापेस्टच्या बांकी व चोंका या दोघांना ती त्याच वर्षीं, कांहीं महिने अगोदरच, साधली होती. कीर्ति मात्र बव्हंशीं मायबाखाच्या पदरीं पडली.

तरीहि प्रमाण राखण्याचें काम बरीच वर्षें स्वाराच्याच माथीं होतें. हँडलवर दोन दांड्या असत, एक मिश्रणाची व एक निव्वळ हवेची. चढ लागला, वेग बदलला, कीं कानानें एंजिनाचा सूर ऐकून त्या सरकवावयाच्या. असा स्वार म्हणजे कार्ब्युरेटरचा अर्धा भागच म्हणावयाचा! पुढें वर-खालीं सरकणारी स्लाईड व तिच्यांतील निमुळती सुई यांनीं हें काम उचललें. १९२७ मध्यें तीन इंग्रज कारखान्यांच्या एकीकरणांतून निघालेल्या ‘अमल’ कंपनीनें असे कार्ब्युरेटर सर्वत्र रूढ केले. हवेची दांडी कित्येक गाड्यांवर राहिली, पण मुख्यतः थंड एंजिन सुरू करण्यापुरती. स्वाराच्या हातचें उरलेंसुरलें काम एका स्क्रूंत येऊन बसलें. १९५५ पासून मद्रासेस एन्फील्ड कंपनीच्या गाड्या तयार होऊं लागल्या, आणि त्या स्क्रूवर कान व हात बसविलेले मिस्त्री आपल्याकडे गांवोगांव दिसूं लागले.

त्यांची रीत साधी. एंजिन चांगलें तापवावयाचें. हवेचा स्क्रू पुरता आंत घेऊन सुमारें दीड फेरा बाहेर काढावयाचा, आणि तेथून पाव-पाव फेरा फिरवीत एंजिन जेथें सर्वांत जलद व सुरळीत चालेल तेथें थांबावयाचें. मग रेस उतरवावयाची.

स्नेह्यांनीं हें सारें केलें होतें. मग बिघडलें कोठें? जुन्या गाडींत स्लाईड वर्षानुवर्षें घांसून सैल झालेली असते. तिच्या कडेनें आगंतुक हवा आंत शिरते, आणि ती आवरणें स्क्रूच्या अधिकाराबाहेरचें असतें. पूर्वीचा मालक स्क्रू आंत पिळून तें वैगुण्य झांकतो, रेस वाढवून गाडी विकतो; घेणाराला वाटतें, गाडी कशी ठणठणीत! दुसरें पाप जेटमध्यें तार घालण्याचें. तारेनें पितळेचें भोंक रुंदावतें, आणि मग कोणताच हिशेब जुळत नाहीं. तें फुंकरीनें वा पेट्रोलानें साफ करावें.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे निर्बंध आले, तेव्हां आपल्याकडील बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर उतरला. पेट्रोल मोजण्याचें काम आतां विजेचें यंत्र करतें. तेथें पिळण्यास स्क्रू नाहीं, आणि घरच्या घरीं चूक करण्याची सोयहि नाहीं.

स्नेह्यांच्या गाडीला नवी स्लाईड बसविली. स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवला, मग अर्धा फेरा आंत घेतला. एंजिन संथ लयींत चालूं लागलें. स्नेह्यांचा हात पुन्हा स्क्रू-ड्रायव्हरकडे वळला. तो मीं काढून घेतला.