मोटारीचा पत्रा आणि तेलाची टाकी



उदगीरचे नाव निघाले की आपणांस १७६० सालची लढाई आठवते. त्या गावच्या एका निवृत्त शिक्षकाने मोटारीच्या बांधणीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण त्यास निमित्त घडले. माझा एक जुना विद्यार्थी परवा आपली पिकअप गाडी घेऊन दारी आला. गाडी जमिनीलगत उतरवावयाची आणि नवे पत्रे चढवावयाचे, असा त्याचा बेत होता. "गुरुजी, पत्रा कोणता घालू आणि टाकी कुठे बसवू?" असे त्याने विचारले. यंत्रविद्या मला अवगत नाही. इतिहास थोडाफार ठाऊक आहे. तोच मी त्याला सांगितला.

उदगीर निजामाच्या राज्यात होते, तेव्हा १९३२ साली तेथील सरकारी रेल्वेने २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारींची वाहतूक सुरू केली. पुढे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. धावली. तिचे अंग लाकडाचे होते. लाकूड हलके आणि गावच्या सुतारालाही साधणारे. परंतु ते कुजते व पेट घेते. म्हणून पोलाद आले. कोकणच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजू लागले, तेव्हा १९६० साली अ‍ॅल्युमिनियम आले. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश त्याचे वजन, आणि गंजाची भीती नाही. परंतु टकरीत हा मऊ पत्रा फाटतो. म्हणून अलीकडे पुन्हा पोलादाकडे वळावे लागले. सर्वगुणसंपन्न असा पत्रा कोणताच नाही. गाडी कोठे चालवावयाची आणि कोणते संकट टाळावयाचे, हे पाहूनच तो निवडावा लागतो.

टाकीची कथा याहून गंभीर आहे. फोर्डच्या १९०८ सालच्या 'मॉडेल टी' गाडीत पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्याच भाराने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल थोडे असले की उभ्या चढावर ते पुढे पोचत नसे. मग चालक गाडी उलटी फिरवून मागल्या पायी चढ चढत. पुढे पंप आला आणि टाकी हवी तेथे बसविण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली की चूकही घडते. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत १९७२ पर्यंत टाकी चालकाच्या पाठीशी, बैठकीमागे असे. १९७३ पासून ती सांगाड्याच्या लोखंडी तुळयांबाहेर, गाडीच्या कुशीला गेली. बाजूने धडक बसली की ती चेपे आणि आग लागे. त्यात अनेकांचे प्राण गेले. १९८८ च्या नव्या बांधणीत टाकी दोन तुळयांच्या आत घेण्यात आली.

हे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर एक बस उलटून पेटली. दाराचीच बाजू खाली गेली आणि पंचवीस माणसे दगावली. पत्रा, दार आणि टाकी यांची जागा कागदावर ठरते. तिचा हिशेब मात्र रस्त्यावर द्यावा लागतो.

मी त्या मुलास म्हणालो, "बाबा, गाडी खाली उतरली की टाकीही दगडांजवळ येते. ती दोन तुळयांच्या मध्ये घे, सांगाड्याच्या तळरेषेच्या वर ठेव. आत आडपडदे असू देत, म्हणजे तेल हिंदकळणार नाही. पत्रा आपल्याकडचा गावठी मिस्त्री ठोकून सरळ करू शकेल असा पोलादी घे. आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी वाच. कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार मालकास करता येत नाही. आधी परिवहन कार्यालयात विचार, मग कारागिराकडे जा."

तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने खिशातून आपला कागद काढला. त्यावर पत्र्याचा रंग पहिल्या ओळीत लिहिलेला होता. तो त्याने खोडला आणि तेथे टाकीची जागा लिहिली.