एक रणगाडा, अनेक छायाचित्रे : ‘टायगर १३१’ची साक्ष

१/११
टायगर रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याला संदर्भ छायाचित्रांची वानवा नसते. अडचण वेगळीच असते : एकाच रणगाड्याची दोन अस्सल छायाचित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधील ‘टायगर १३१’ हे त्याचे उत्तम उदाहरण.

२/११
आधी प्रमाण पाहू. तोफेसह सुमारे ८.४५ मीटर लांबीचा टायगर १:३५ प्रमाणात सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो. मूळ रणगाड्यावरील साडेतीन सेंटिमीटरचा तपशील इथे एक मिलिमीटरचा उरतो. तरीही तो डोळ्यांना दिसतो आणि चुकला तर खटकतो.

३/११
टायगर हा एकच एक रणगाडा नव्हता. १९४२ ते १९४४ या काळात सुमारे १,३५० टायगर बनले आणि उत्पादन चालू असतानाच त्यांत बदल होत गेले. आरंभीच्या चाकांना रबरी धाव होती. १९४४ पासून पोलादी धावेची चाके आली. कमांडरचा उंच, नळकांड्यासारखा घुमट १९४३च्या मध्यास बदलला.

४/११
चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिला जाणारा ‘झिमेरिट’चा खडबडीत लेप १९४३च्या उत्तरार्धात सुरू झाला. ‘१३१’ त्यापूर्वीच, एप्रिल १९४३ मध्ये, ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला होता. म्हणून त्याच्या प्रतिकृतीवर झिमेरिट दिसला, की संदर्भाचे छायाचित्र दुसऱ्याच टायगरचे होते हे उघड होते.

५/११
‘१३१’ हा आकडाही बोलका आहे : पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. तो जर्मनांच्या ५०४व्या जड रणगाडा बटालियनचा होता. शत्रूच्या गोळ्याने त्याचा बुरूज अडकला, फिरेनासा झाला, आणि चालकदलाने तो जागीच सोडला.

६/११
इथून छायाचित्रांचा गुंता सुरू होतो. ब्रिटिशांनी अन्य नष्ट टायगरांचे सुटे भाग वापरून तो दुरुस्त केला आणि त्याच्यावर स्वतःची सैन्यचिन्हे रंगवली. ट्युनिसमध्ये चर्चिल आणि राजे सहावे जॉर्ज यांनी पाहिला तो हा रणगाडा. त्या वेळची छायाचित्रे अस्सल आहेत. मात्र ती लढणाऱ्या नव्हे, पकडलेल्या टायगरची आहेत.

७/११
पुढे तो इंग्लंडला नेऊन कसून तपासण्यात आला आणि १९५१ मध्ये संग्रहालयाकडे आला. प्रदीर्घ दुरुस्तीनंतर तो पुन्हा चालू लागला, पण वेगळ्या इंजिनावर. मूळ मायबाख एचएल २१० इंजिन छेद देऊन प्रदर्शनासाठी कापलेले होते. त्याच्या जागी एचएल २३० बसवले गेले. त्यामुळे आजच्या इंजिनकक्षाचे सुस्पष्ट रंगीत छायाचित्र १९४३च्या रणगाड्यासाठी दिशाभूल करणारे ठरते.

८/११
रंगाचे तर विचारूच नये. संग्रहालयातील रणगाड्यावरील रंग हा पुनर्रंगकामाचा, म्हणजे कोणीतरी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असतो. उलट जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतही रंगाची खात्री नाही : ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे.

९/११
संग्रहालयेही चुकतात. ‘१३१’ हा २१ एप्रिल १९४३ रोजी जेबेल जाफा येथे हाती लागला, असे अनेक दशके मानले जात होते. पुढील संशोधनातून २४ एप्रिल ही तारीख आणि ‘पॉइंट १७४’ हे ठिकाण पुढे आले. जुन्या तपशिलांची नव्याने केलेली पडताळणी अशी थेट इतिहास दुरुस्त करते.

१०/११
महाराष्ट्रातील अभ्यासकांना प्रत्यक्ष निरीक्षणाची संधी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आहे. तिथे ब्रिटिश चर्चिलपासून भारतीय विजयंतापर्यंतचे रणगाडे उभे आहेत. चिलखताचा उतार, वेल्डिंगच्या शिवणी, रिव्हेटांच्या रांगा यांसाठी असे दर्शन अमोल. रंग आणि चिन्हांसाठी मात्र युद्धकालीन पुरावाच शोधावा.

११/११
म्हणून प्रत्येक छायाचित्राला तीन प्रश्न विचारावेत : ते केव्हा टिपले? तेव्हा रणगाडा कोणाच्या ताब्यात होता? तोवर त्याचे काय काय बदलले होते? उत्तरे मिळाल्यावरच रंगाचा ब्रश उचलावा. प्रतिकृती अखेर रणगाड्याच्या आयुष्यातील एकाच दिवसाची असते, आणि तो दिवस आधी निश्चित करावा लागतो.