परके द्रव्य आणि आपला काळा दगड

१९९५ साली वेस्टवुड स्टुडिओज या अमेरिकी कंपनीचा 'कमांड अँड कॉन्कर' हा संगणकीय युद्धखेळ आला. त्याच्या कथेत इटलीतील टायबर नदीकाठी एक उल्का कोसळते आणि तिच्यासोबत आलेले 'टायबेरियम' हे हिरवे, स्फटिकरूप द्रव्य जमिनीवर पसरू लागते. ते मातीतील खनिजे शोषून घेते, वेचणाऱ्याला श्रीमंत करते आणि सहवासात राहणाऱ्याला मारते. ते आले कोठून, हे पहिल्या खेळाने सांगितले नाही. ती रिकामी जागा खेळणाऱ्यांनी तर्कांनी भरून काढली. कोणी त्यास निव्वळ योगायोग मानले, तर कोणास त्यात हेतू दिसला: कोणीतरी ही पृथ्वी स्वतःसाठी तयार करीत आहे. २००७ च्या 'टायबेरियम वॉर्स'मध्ये हेतुवादी जिंकले. 'स्क्रिन' नावाच्या परग्रहवासीयांनी ते पीक पेरले होते आणि आता ते कापणीला आले होते.

आकाशातून आलेल्या द्रव्यामागे कर्ता शोधण्याची ही ओढ संगणकाहून कितीतरी जुनी आहे. वर्धा जिल्ह्यात देवळीच्या कापसाच्या शेतांखाली जो बेसाल्ट आहे, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा खडक पश्चिमेकडे बुलढाणा जिल्ह्यातही पसरला आहे, आणि तेथे त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे. आत खाऱ्या पाण्याचे सरोवर. लोककथेनुसार तेथे लवणासुर राहत असे; विष्णूने त्याचा वध केला, सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि क्षार म्हणजे त्याचे मांस. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. ही कथा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. भोवती गोडे झरे असताना मध्ये पाणी खारे का, हा तिच्यामागचा प्रश्न अगदी रास्त आहे.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढील भूवैज्ञानिकांना ज्वालामुखीचाच विचार सुचला, आणि भोवती मैलोगणती लाव्हा असताना तो सुचणे स्वाभाविकच होते. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवर व लोणार यांतील साम्य दाखविले. त्याच्या निबंधाचा विषयच मुळी तर्क कसे जन्मतात हा होता! ॲरिझोनात त्याने लोखंडाची मोठी उल्का जमिनीत पुरलेली असेल असे गृहीत धरून चुंबकसुईने तिचा शोध घेतला. सुई हलली नाही, म्हणून त्याने आघाताची कल्पना सोडून वाफेच्या स्फोटाची स्वीकारली. एवढा सावध माणूस चुकला, कारण परके द्रव्य सापडलेच पाहिजे अशी त्याची अट होती. प्रचंड वेगाने आदळणारी उल्का बहुतांशी वितळून, वाफ होऊन नाहीशी होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

लोणारचा निर्णय १९७३ मध्ये लागला. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट आढळले. बेसाल्टमधील फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या दाबाखाली काचेसारखे होते, ते हे. ज्वालामुखीला तेवढा दाब निर्माण करता येत नाही. म्हणजे साक्ष दिली ती पाहुण्याने नव्हे, घरच्या दगडाने. आपल्या बांधावर पडलेला असतो तसल्याच काळ्या दगडाने. टायबेरियमचे चाहते स्फटिकाकडे टक लावून बसले, त्याने बदललेल्या मातीकडे त्यांचे लक्ष कमीच गेले असे मला वाटते.

वाद मात्र पुरता मिटला नाही. विवराचे वय बराच काळ सुमारे ५० हजार वर्षे मानले जात होते. पुढे आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि नाना तर्कांना पुन्हा ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. बाटलीतील पाणी काही काळ तसेच ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.