लोण्याच्या कांडीवरच्या रेघा

अमेरिकन पाककृतीत ‘दोन स्टिक बटर’ वाचून आपल्याकडची १०० ग्रॅमची दोन पाकिटं घातली की केक जरा कोरडाच होतो आणि खापर ओव्हनवर फुटतं. तिथली एक स्टिक ११३ ग्रॅमची असते. म्हणजे दोन स्टिकमागे सुमारे २७ ग्रॅम, जवळजवळ दोन मोठे चमचे लोणी कमी पडलेलं असतं. हा ११३ चा आकडा आला कुठून?

अमेरिकेतही आधी तराजूच होता. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक निघालं. त्यातल्या पाउंड केकला साखर, लोणी आणि मैदा प्रत्येकी एक पौंड. वजन केकच्या नावातच होतं. पण तराजू घरोघरी नव्हता. कप आणि चमचा मात्र होता. एकोणिसाव्या शतकात पाककृती या मापांवर आल्या. घट्ट लोणी कपात मोजायचं म्हणजे कटकट, म्हणून ‘अंड्याएवढं लोणी’, ‘अक्रोडाएवढं लोणी’ असं लिहिलं जाई. आपली ‘लिंबाएवढी चिंच’ याच जातकुळीतली.

या अंदाजाला शिस्त लावली ती फॅनी फार्मर यांनी. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या त्या प्राचार्य. १८९६ सालच्या त्यांच्या पुस्तकात कप आणि चमचा म्हणजे सपाट भरलेला कप आणि चमचा, हे ठामपणे सांगितलं आहे. लोणी कपात दाबून भरायचं, मध्ये पोकळी ठेवायची नाही, वरून सुरी फिरवून सपाट करायचं. अर्धा चमचा हवा असेल तर भरलेल्या चमच्यात लांबीच्या दिशेने सुरीने रेघ मारून अर्धा भाग काढून टाकायचा. वजन-मापांच्या कोष्टकात त्यांनी लिहिलं: दाबून भरलेलं दोन कप लोणी म्हणजे एक पौंड.

घरोघरी आणखी एक युक्ती चाले. एक कपाच्या भांड्यात अर्धा कप पाणी घ्यायचं आणि पाणी काठाला लागेपर्यंत लोण्याचे तुकडे टाकायचे. लोणी तरंगतं, म्हणून ते चमच्याने पाण्याखाली दाबून धरायचं. मग पाणी ओतून दिलं की उरलं नेमकं अर्धा कप लोणी. आर्किमिडीजचा सिद्धांत असा ओट्यावर उतरला होता.

विसाव्या शतकात पौंडाचे चार भाग करून लोणी कांड्यांच्या रूपात बाजारात आलं. पाव पौंड म्हणजे ११३ ग्रॅम, आणि फार्मर यांच्या हिशेबाने बरोबर अर्धा कप. कांडीच्या कागदावर आठ चमच्यांच्या रेघा छापल्या गेल्या. रेघेवर सुरी ठेवून कापलं की एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅम. तराजू आणि कप यांचा समेट त्या कागदावर झाला. मैद्याच्या बाबतीत तो जमत नाही, कारण चाळलेल्या आणि दाबलेल्या मैद्याच्या कपात बराच फरक पडतो. लोणी सहसा दगा देत नाही.

पण स्निग्ध पदार्थ बदलला की आकडाही बदलतो. १९११ मध्ये बाजारात आलेल्या क्रिस्कोसारख्या शॉर्टनिंगमध्ये वायू घोटलेला असतो, त्यामुळे त्याचा कप सुमारे १९० ग्रॅमच भरतो. शिवाय ते पूर्ण चरबी. लोण्यात मात्र पाचवा हिस्सा पाणी आणि इतर घटक. तेलही पाण्यापेक्षा हलकंच. आपल्याकडच्या खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ‘९१० ग्रॅम’ छापलेलं असतं, ते म्हणूनच.

कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेचा सुमारे २३७ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा. आणि आपली वाटी? ती तर प्रत्येक घरची वेगळी. आईच्या नानकटाईचं ‘एक वाटी तूप’ तिच्याच वाटीने मोजलं तर बरोबर येतं. ती वाटी हरवली की कृतीही हरवते. म्हणून घरातल्या पाककृती वहीत उतरवताना एकदा ती वाटी काट्यावर ठेवा, तूप भरून वजन करा आणि ‘एक वाटी’च्या शेजारी ग्रॅमही लिहून ठेवा.