दगड कोणाच्या दिशेने?

हद्दपारीचे चित्रपट म्हटले की आमच्या समीक्षकांना युरोप आठवतो. नाझींच्या तावडीतून निसटलेले ज्यू, देश हरवलेली माणसे. त्यांच्या वेदनेशी आमचे नाते आहेच. परंतु ज्याला घालवून देण्यासाठी गावाबाहेर काढावेच लागत नाही, कारण तो जन्मतःच गावकुसाबाहेर आहे, त्याची हद्दपारी पडद्यावर यायला फार वर्षे लागली.

१९३६ साली 'अछूत कन्या' आला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन आणि नाझी पक्षाचे सभासद. आपल्याकडच्या अस्पृश्यतेवर अश्रू ढाळणारा चित्रपट अशा हातून यावा, हा इतिहासाचा विनोदच! त्यातली अस्पृश्य मुलगी शेवटी आगगाडीखाली मरते. प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. त्याच वर्षी बाबासाहेबांनी लाहोरला होऊ न दिलेले आपले भाषण स्वखर्चाने छापले. पडद्यावरच्या दयेला त्या पुस्तकाचा वाराही लागला नव्हता.

पुढे १९८५ साली आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' आला. मुंबईच्या फुटपाथवरून आणि झोपड्यांतून उठवलेली माणसे त्यात स्वतः बोलतात. एक बाई तर कॅमेऱ्यालाच फटकारते, की गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार. तो प्रसंग दिग्दर्शकाने कापला नाही, ही मला त्या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई वाटते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण झोपड्या हटवायलाही मोकळीक दिली.

त्या चित्रपटात विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाईनगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला हा शाहीर मरताना कपाळाला निळे फडके बांधून गेला. त्या निळ्या फडक्याचा अर्थ शोधण्यात पटवर्धनांची चौदा वर्षे गेली, आणि 'जय भीम कॉम्रेड' तयार झाला. अस्मितेचा शोध म्हणजे काय, हे मला त्या फडक्याने जितके शिकवले तितके कोणत्याही परिसंवादाने शिकवले नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मात्र मी वरळी कोळीवाड्यात, एका ओळखीच्या घरी, भिंतीवर चादर बांधून पाहिला. जब्याचे कुटुंब कैकाडी, म्हणजे १८७१च्या कायद्यापासून ज्यांच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसत गेला त्यांपैकी. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या अंगावर येतो.

चादर सोडता सोडता घरातली म्हातारी मावशी म्हणाली, "मास्तर, दगड आपल्याला का मारला त्यानं?" मी काहीबाही सांगितले. मग ती स्वतःचेच बोलू लागली. "आमी कुठं गेलो नाय, दर्याच लांब गेला." समोर २००९चा सागरी सेतू होता. त्यानंतर आलेल्या किनारी रस्त्याच्या खांबांतले अंतर ६०चे १२० मीटर करून घेण्यासाठी या लोकांना झगडावे लागले होते. कोळ्यांच्या वाट्याला आमची अस्पृश्यता आली नाही, हा फरक मी विसरत नाही. तरी तिचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मावशीच्या प्रश्नाने मला दुसरा दगड आठवला. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि बीडीडी चाळींत पोलीस घुसले. १० जानेवारीला परळला मोर्चावर इमारतीतून दगड पडला आणि भागवत जाधव मेला. वरून खाली टाकलेला तो दगड आणि खालून वर भिरकावलेला जब्याचा दगड, यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे.

वरळीच्या त्या जानेवारीवर चित्रपट झाला पाहिजे, आणि तो चाळीत वाढलेल्याने केला पाहिजे. उशीर करून चालणार नाही. पुनर्विकासात चाळी पडत आहेत, २०२५ साली पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतींच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फूट मिळताहेत, ते मिळायलाच हवेत. पण पोलिसांनी ज्या जिन्यांवरून लाठ्या चालवल्या ते जिने राहणार नाहीत, आणि तेव्हा विशीत असलेली माणसे आता सत्तरीत आहेत. त्यांतल्या दोघांशी बोलून ठेवले आहे. येत्या रविवारी माझे दोन विद्यार्थी मोबाइल घेऊन त्यांच्या जिन्यावर बसणार आहेत. प्रश्न कोणते विचारायचे ते मी त्यांना सांगितलेले नाही.